शेंड्याला बोट

कारवी फुलली त्या वर्षी आमच्या मध संघाच्या डॅशबोर्डवरचा उंबरवणे गावाचा स्तंभ स्क्रीनच्या वरच्या कडेतून बाहेर आला आणि छताच्या दिशेने वाढू लागला. सोमवारी सकाळी कार्यालय उघडलं तेव्हा तो वीतभर बाहेर होता. संध्याकाळी कुलूप लावताना हातभर झाला होता. संघाची व्यवस्थापक मीच, त्यामुळे त्याला रात्रभर असंच सोडून जायचं की दिवा चालू ठेवायचा, हा निर्णयही माझ्यावरच आला. मी दिवा चालू ठेवला.

आधी डॅशबोर्डविषयी सांगते. आमचा संघ घाटाखालच्या बाजारगावात आहे. मागे उभा कडा, पुढे ओढा, मध्ये आमची दुमजली इमारत. आसपासच्या डोंगरातली गावं आम्हाला मध घालतात. प्रत्येक गावात एक केंद्र आणि केंद्राचा एक प्रतिनिधी असतो. पूर्वी कोणत्या गावाचा किती मध आला हे काळ्या फळ्यावर खडूच्या उभ्या रेघांनी दाखवलं जाई. गेल्या वर्षी संचालक मंडळाने फळा काढून त्या जागी जमिनीपासून डोक्यापर्यंत पोचणारा टचस्क्रीन बसवला, आणि साताऱ्याच्या अस्मिता फडतरे या मुलीकडून त्यावर डॅशबोर्ड करून घेतला. गावाच्या स्तंभाला बोट लावलं की गावाचं नाव उघडतं, मध किती आला, त्यात पाणी किती, कोणत्या फुलोऱ्याचा, सगळं कळतं. पहिले काही दिवस लोक मध घालायला कमी आणि बोट लावायला जास्त येत होते.

फळा गेला, पण फळ्याची रीत गेली नाही. दसऱ्यानंतरच्या वार्षिक सभेत प्रत्येक गावाचा प्रतिनिधी उठून पुढे येतो, आपल्या गावाच्या रेघेच्या शेंड्याला बोट लावतो आणि मोठ्याने म्हणतो, "आहे." मग त्याचं केंद्र पुढच्या वर्षी चालू राहतं. बोट शेंड्याला लागलं नाही, किंवा "आहे" ऐकू आलं नाही, तर केंद्र बंद. हे पोटनियमांत छापलेलं आहे. मागे एकदा एका प्रतिनिधीच्या मेव्हण्याने बोट लावलं आणि प्रतिनिधी स्वतः सुरतेहून फोनवर "आहे" म्हणाला. त्यावरून एवढं भांडण झालं, की बोट आणि आवाज एकाच माणसाचा हवा आणि फोनवरचं "आहे" धरायचं नाही, हेही छापावं लागलं. डॅशबोर्ड आला तेव्हा त्या कलमातला "रेघ" हा शब्द बदलून "स्तंभ" केला. बाकी काही बदलायची गरज कुणाला वाटली नाही.

आणि आता कारवी. ही झुडपं सात वर्षं नुसती उभी असतात आणि मग एका वर्षी सगळी मिळून फुलतात. डोंगर जांभळा होतो म्हणतात, ते खरं आहे, पण तेवढंच म्हणून भागत नाही. माणसं रस्त्यात गाडी थांबवून गप्प उभी राहतात. माश्या वेड लागल्यासारखं काम करतात. उंबरवण्याचा डोंगर त्या वर्षी पायथ्यापासून माथ्यापर्यंत फुलला होता, आणि तिथली माणसं खांद्यावरून डबे वाहून वाहून कुबडी झाली होती.

मंगळवारी स्तंभ छताला टेकला. टेकून थांबेल असं वाटलं होतं, पण मळलेल्या कणकेत बोट शिरावं तसा तो स्लॅबमध्ये शिरला. एक खडासुद्धा खाली पडला नाही. वरच्या मजल्यावर अध्यक्षांची केबिन आहे. आमचे अध्यक्ष केरबाअण्णा उतेकर हे स्वतः उंबरवण्याचे, तिथले प्रतिनिधीही तेच. स्तंभ बरोबर त्यांच्या खुर्चीखालून वर आला आणि खुर्चीला शेंड्यावर घेऊन वाढत राहिला. सुदैवाने अण्णा तेव्हा चहाला गेले होते.

परत आल्यावर त्यांनी खुर्चीकडे मान वर करून पाहिलं.

"मॅडम, हा आपला मध काय?"

"आपलाच. उंबरवण्याचा."

"किती झाला?"

"आजचे डबे अजून मोजायचेत, अण्णा."

त्यांनी स्तंभाला हात लावला. तो दोन विती रुंद होता, आरपार दिसेल न दिसेल असा पिवळट, आणि कोमट. अण्णांनी कान लावला. मग मला खूण केली, म्हणून मीही लावला. आत गुणगुण चालली होती, एका सुरात, न थकता. मी या नोकरीत बरंच काही पाहिलं आहे आणि सहसा कशाने भारावत नाही. पण त्या दिवशी मी किती वेळ तशी कान लावून उभी होते, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची केबिनच्या छतातूनही गेली. ती कशी गेली हे मला विचारू नका. चारही पायांना चुना लागला होता, एवढंच गच्चीवरून दिसलं. ग्रामसेवक नोटीस घेऊन आले. विनापरवाना बांधकाम.

"हे बांधकाम नाही," मी म्हटलं. "हा डेटा आहे."

"असू दे ना. मजले किती आहेत डेटाला?"

मी म्हटलं, मजले नाहीत, सलग आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि जाताना त्यांनीही कान लावला.

त्याच आठवड्यात चिरेखिंडीहून बबई ढेबे उतरल्या. चिरेखिंड हे आमचं सगळ्यांत लहान केंद्र. कड्याच्या माथ्यावर मूठभर घरं, सगळी ढेब्यांची. तिथली कारवी एक वर्ष मागे चालते, त्यामुळे यंदा तिकडे काहीच फुललं नव्हतं, आणि बबईंच्या पेट्यांमधल्या माश्या पेट्या सोडून खाली उंबरवण्याच्या फुलोऱ्यावर निघून गेल्या होत्या. जायच्या आधी जेवढा निघाला तेवढा एका बाटलीत भरून त्यांनी संघात घातला होता. डॅशबोर्डवर चिरेखिंडीचा स्तंभ अगदी तळाशी होता, करंगळीच्या नखाएवढा.

बबई खाली बसल्या, आपल्या स्तंभाला बोट लावून पाहिलं, नाव उघडलं तसं समाधानाने बंद केलं. मग शेजारच्या उंबरवण्याच्या स्तंभाला कान लावला.

"ह्यात आमच्या बी हायत," त्या म्हणाल्या.

"असतील, बबई."

"असूं द्या. खाऊन-पिऊन ऱ्हात्यात तर ऱ्हाऊं द्या. माजं एवढंच म्हननं, आमची रेघ तेवढी जागच्या जागी ऱ्हावी. रेघ हाय तवर जीप हाय."

हे खरं होतं. दर मंगळवारी संघाची जीप वरच्या केंद्रांवर मध आणायला जाते, आणि चिरेखिंडीला जाणारं तेवढंच एक वाहन आहे. मध असो नसो, जीप जाते, कारण केंद्र आहे. तिच्यातून रेशन वर जातं, औषधं जातात, आजारी माणूस खाली येतो. बबईंची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि तिला दर पंधरवड्याला दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. पायवाटेने बबई उतरू शकत होत्या. सुनेला ते जमण्यासारखं नव्हतं.

अण्णा तिथेच उभे होते. बबई गेल्यावर ते म्हणाले, "ही चिरेखिंड नक्की येते कुठं, मॅडम?"

"आपल्या डोक्यावर. या कड्याच्या माथ्यावर."

"जन्म गेला माझा ह्या कड्याखाली. मला तर कधी दिसली न्हाई."

"कड्याचा फुगवटा आडवा येतो, अण्णा. खालून नाहीच दिसत."

"मग आहे कशावरून?" असं म्हणून ते हसले आणि केबिनमध्ये गेले. खुर्ची नसल्यामुळे ते हल्ली खिडकीच्या कठड्यावर बसत.

अडचण त्यांच्या लक्षात तिथे बसल्यावर आली. सभा तोंडावर होती. सभेत त्यांना उंबरवण्याच्या शेंड्याला बोट लावायचं होतं, आणि शेंडा एव्हाना शेजारच्या माडाच्याही वर गेला होता. त्यांनी अस्मिताला बोलावून घेतलं.

अस्मिता दुपारच्या एसटीने आली. गच्चीवर जाऊन स्तंभाभोवती एक चक्कर मारली, खाली येऊन लॅपटॉप उघडला.

"स्केल बदलावं लागेल," ती म्हणाली. "एका किलोला जेवढी उंची धरली होती ती फार होते. कमी केली की सगळे स्तंभ त्याच प्रमाणात बुटके होतील आणि हा आत येईल."

"मग कर की," अण्णा म्हणाले.

तिने नवं व्हर्जन लाइव्ह केलं. विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा आवाज होत स्तंभ खाली आला. खुर्ची केबिनमध्ये आपल्या जागी येऊन टेकली, स्लॅब मिटला, आणि उंबरवणे स्क्रीनच्या आत, वरच्या कडेला नेमकं बसलं. अण्णांनी शेंड्याला बोट लावून पाहिलं. लागलं. बाकीची गावं तळाशी काडीएवढी झाली होती. चिरेखिंडीच्या जागी काहीच नव्हतं. अस्मिताने तिथे बोट लावलं, मग मी लावलं. नाव उघडलं नाही.

"आहे ती," अस्मिता हळू आवाजात म्हणाली. "डेटात आहे. फक्त दिसण्याइतकी उंची उरली नाही."

"बोट लागतं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग न्हाई." नवी खुर्ची मिळाल्यासारखे अण्णा तरतरीत झाले होते. लागलीच त्यांनी सहीने आदेश काढला: चिरेखिंडीला बोट लागत नसल्याने सभेचा निर्णय होईपर्यंत जीप तिकडे पाठवू नये. मी तो आदेश चालक मुजावरांना दिला. मुजावरांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "सूनबाईची दवाखान्याची तारीख मंगळवारची आहे," ते म्हणाले.

अण्णांचं समाधान एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरवण्याची माणसं आली, बायकाही आल्या. त्यांना शेतातून, वाटेवरून, अंगणातून आपला स्तंभ दिसायची सवय झाली होती, आणि तो एकाएकी दिसेनासा झाला होता. ती आरडाओरडा करत नव्हती. कार्यालयाच्या पायऱ्यांवर नुसती बसली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"अण्णा," त्यांच्यातला एक वयस्क माणूस म्हणाला, "सात वर्षं थांबलो आम्ही. एवढा मध केला. आणि तुम्ही त्याला एका काचंत कोंबला?"

"अरे, मध तेवढाच हाय. नुसतं दाखवायचं माप बदललं."

"मग आमाला जेवढा हाय तेवढा दाखवा."

अण्णांनी अस्मिताकडे पाहून मान हलवली. अस्मिताने जुनं स्केल परत लावलं. अण्णा वेळेवर उठले म्हणून बरं. खुर्ची सुटली ती थेट वर गेली. स्तंभ पूर्वीपेक्षाही उंच झाला, कारण मधल्या दिवसाचे डबे त्यात मिळाले होते. पायऱ्यांवरची माणसं उठली, मान वर करून बघत राहिली, आणि मग निमूट कामाला गेली. तळाशी चिरेखिंडही नखाएवढी परत आली. आदेश मात्र तसाच राहिला, कारण तो मागे घ्यायचं कुणी म्हटलं नाही, आणि मंगळवारी जीप वर गेली नाही.

संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. अस्मिताने पर्याय मांडले. एक पर्याय असा, की मापाची शिडी वेगळी करायची. पहिली पायरी दहा किलोची, दुसरी शंभराची, तिसरी हजाराची, आणि पायऱ्यांची उंची सारखीच. त्यामुळे मोठाही आत बसेल आणि लहानही दिसेल.

"म्हणजे दहाची पायरी आणि हजाराची पायरी एकाच उंचीची?" एका संचालकाने विचारलं.

"हो."

"आणि ही शिडी खरी आहे?"

"शास्त्रात खरी आहे."

"इथं माश्यांना काय सांगायचं?"

तो पर्याय तिथेच नामंजूर झाला. दुसरा पर्याय होता लहान केंद्रांसाठी वेगळं पान करण्याचा. त्या बैठकीला बबईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजी पाव्हनं पुढच्या खोलीत आनि आमी मागल्या. नगं. हाय तितंच बरं हाय." तिसरा पर्याय स्तंभ मधून कापून वरचं टोक खाली जोडून दाखवायचा होता. मधला कापलेला तुकडा गोदामात ठेवायचा की विकायचा, यावर चर्चा लांबली आणि अण्णा उठून गच्चीवर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. ते स्तंभाला कान लावून उभे होते. तरुणपणी अण्णा दोर सोडून कड्यावरची आग्या मोहळं काढायचे, असं ऐकलं होतं. त्यांच्या हातांवरचे जुने व्रण मी रोज पाहत होते. वर, फार वर, त्यांची खुर्ची एका ठिपक्याएवढी दिसत होती.

"मॅडम," ते म्हणाले, "उंची कमी करून बोट लावलं, तर ते बोट कशाला लावलं म्हणायचं?"

"पोटनियमात उंचीबद्दल काही नाही, अण्णा."

"मी पोटनियमाचं बोलत न्हाई. याला लहान करायचं न्हाई. जेवढा हाय तेवढा ऱ्हाऊ दे. मी वर जाऊन बोट लावीन."

"आणि नाही पोचलात तर?"

"तर उंबरवण्याचं केंद्र बंद. बाकीच्यांना जो नियम, तोच आम्हाला."

त्या क्षणापर्यंत मला अण्णांविषयी फारसा आदर नव्हता, हे मी मोकळेपणाने सांगते. त्या दिवसापासून वाटू लागला. उंबरवण्याच्या मोहळवाल्यांनी दुसऱ्याच दिवसापासून स्तंभाला दोरशिडी बांधायला घेतली. स्तंभ वाढेल तशी ती रोज पुढे बांधत गेले.

सभेचा दिवस उजाडला. कारवीचा फुलोरा उतरणीला लागला होता, तरी डोंगर अजून जांभळाच होता. सभा नेहमीसारखी कार्यालयासमोरच्या पटांगणात न घेता आम्ही आत-बाहेर अशी घेतली. प्रतिनिधी एकेक करून आत जात, बोट लावत, "आहे" म्हणत, आणि मी दारात उभी राहून ते लिहीत होते. अस्मिता स्क्रीनजवळ होती. तिला त्या दिवशी यायची गरज नव्हती, पण ती आली होती.

चिरेखिंडीचं नाव पुकारलं. बबई पहाटेच पायवाटेने निघून आल्या होत्या. सुनेचं विचारलं तर म्हणाल्या, पाय सुजल्यात. त्या स्क्रीनसमोर जमिनीवर बसल्या, वाकल्या, आणि नखाएवढ्या स्तंभाच्या शेंड्याला बोट लावलं. अख्खं बोट त्यावर मावत नव्हतं. स्क्रीनवर नाव उघडलं: चिरेखिंड, एक बाटली, जांभळाचा फुलोरा.

"आहे," बबई म्हणाल्या. शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही ऐकू गेलं.

सगळ्यांत शेवटी उंबरवणे. अण्णांनी चप्पल काढून गच्चीच्या दाराशी ठेवली, धोतर खोचलं आणि दोरशिडीवर पाय ठेवला. आम्ही सगळे पटांगणात येऊन मान वर करून उभे राहिलो. ते थांबत थांबत चढत होते. माडाच्या वर गेले, घारी फिरत होत्या त्याच्या वर गेले. थोड्या वेळाने ते माणूस म्हणून ओळखू येईनासे झाले. शेजारच्या एका बाईने माझा हात घट्ट धरला होता, ती कोण हे मी अजून पाहिलेलं नाही.

वरचा ठिपका खुर्चीच्या ठिपक्याला मिळाला. काहीतरी हललं. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"लावलं बोट," उंबरवण्याचा एकजण म्हणाला.

"आणि 'आहे'?" मी विचारलं.

"म्हणाले असतील की."

"'असतील' हे धरता येत नाही."

माझा फोन वाजला. अण्णांचा होता. मी तो उचलला नाही. सभेत कुजबुज सुरू झाली. मी पोटनियम काढून कलम मोठ्याने वाचलं: "आहे" व्यवस्थापकास ऐकू न आल्यास, चालू केंद्रातील ज्या सभासदाने ते प्रत्यक्ष ऐकले असेल, त्याने सभा संपण्यापूर्वी समक्ष येऊन सांगावे. हे कलम कुणी कशासाठी घातलं होतं, हे कुणालाच आठवेना.

"पण एवढ्या उंचावरचं ऐकणार कोण?" एका संचालकाने विचारलं.

बबई वर बघत होत्या. स्तंभाचा शेंडा कड्याच्या माथ्याशी बरोबरीला आला होता, आणि त्या खालूनच अंदाज घेत होत्या.

"मामंजी," त्या म्हणाल्या. "मामंजी अंगणात असत्याल ह्या टायमाला. आमचं अंगन तितंच हाय, कड्याच्या काठाला. त्यास्नी ऐकू गेलं असंल."

"त्यांना खाली आणायचं तर जीप पाठवावी लागेल," संचालक म्हणाले. "आणि जीप बंद आहे. अण्णांची सही आहे त्यावर. रद्द करायला अण्णांचीच सही लागेल, आणि अण्णा वर आहेत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आदेश पुन्हा वाचला. सभेचा निर्णय होईपर्यंत, असं त्यात लिहिलं होतं. चिरेखिंडीच्या शेंड्याला सभेत बोट लागलं होतं, "आहे" मी स्वतः ऐकलं आणि लिहिलं होतं. म्हणजे निर्णय झाला होता, केंद्र चालू होतं, आणि चालू केंद्राला जीप जाते. त्याला कुणाच्या सहीची गरज नव्हती. मी तसं सांगितलं. वाक्य पुरं होण्याआधी मुजावरांनी जीप चालू केली होती.

घाटाच्या रस्त्याने वर जाऊन यायला वेळ लागतो. सभा संपवता येत नव्हती, म्हणून चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. उंबरवण्याची माणसं पायऱ्यांवर पुन्हा तशीच बसली होती. अस्मिता स्तंभाला टेकून उभी होती. तिला विचारलं, आता डॅशबोर्डमध्ये काय सुधारणा करणार? ती म्हणाली, "काही नाही. आहे तसं चालू ठेवू."

ऊन कलल्यावर जीप आली. मागच्या बाजूने बबईंचे सासरे रखमाजी ढेबे उतरले, वाकलेले, हातात काठी. मुजावरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की सूनबाई पुढच्या सीटवर होत्या, येताना त्यांना दवाखान्यात उतरवलं, डॉक्टर म्हणाले बरं झालं आणलंत. मी बबईंकडे पाहून मान हलवली. त्यांना कळलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सरळ बसल्या.

रखमाजींना माझ्यासमोर उभं केलं.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"व्हय."

"कुणाचा आवाज?"

"खुर्चीतल्या मानसाचा. मी अंगनात व्हतो. समोर एक खुर्ची आनि तिच्यात मानूस, दमल्याला. धा पावलं बी नसंल. म्या म्हनलं, पानी पिनार काय? त्यानं हातानं थांब म्हनलं. मग खुर्चीतनं खाली वाकला, बोट लावलं, आनि म्हनला, आहे."

मी लिहिलं: उंबरवणे, आहे. पायऱ्यांवर कुणीतरी मोठा श्वास सोडला.

"मग परत म्हनला," रखमाजी म्हणाले.

"परत?"

"व्हय. मग त्यानं मान वर केली नि आमच्याकडं बघितलं. घरं बघितली. शेरडं बघितली. नातसून वलनीवर धुनं घालत व्हती, तिच्याकडं बघितलं. लई येळ बघत ऱ्हायला. आमी बी बघत ऱ्हायलो, काय बोलावं कळंना. मग तो परत म्हनला. बारीक आवाजात. आहे."

मग एका संचालकाने विचारलं, हे दुसरं "आहे" कोणाच्या नावावर धरायचं. चिरेखिंडीचं तर आधीच लिहून झालं होतं, आणि एका केंद्राला दोनदा "आहे" लिहिण्याची तरतूद नाही. मी ते चिरेखिंडीच्या नावापुढे दुसऱ्यांदा लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही.

अण्णा त्या दिवशी उतरले नाहीत. मंगळवारी जीप नेहमीप्रमाणे चिरेखिंडीला गेली आणि परत आली तेव्हा पुढच्या सीटवर अण्णा होते. अनवाणी पाय मातीने माखलेले, गच्चीच्या दारात राहिलेली चप्पल मागायला आले. म्हणाले, रात्रीत शेवटचे डबे मोजले गेले असतील, सकाळी शेंडा कड्याला अगदी टेकला होता, तर एवढं उतरण्यापेक्षा अंगणातच पाऊल टाकलं.

खुर्ची ते वर त्या अंगणातच ठेवून आले. आता संध्याकाळी बबईंची सून बाळाला घेऊन तिच्यात बसते.